झांज एकदाच वाजते, मग पैसे कशाचे? ऑर्केस्ट्रातल्या फ्रीलान्सरचं गणित

ड्वोर्झाकच्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत झांज फक्त एकदा वाजते, तीही शेवटच्या भागात. मग झांजवाल्याला पैसे कशाचे मिळतात? तर तालमीला आणि कार्यक्रमाला हजर राहण्याचे. तो एक आघात चुकला तर सावरून घ्यायला शेजारी दुसरा झांजवाला नसतो.

लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे सभासद वादकही पगारी नोकर नाहीत, ते स्वयंरोजगारात मोडतात. त्यात तालवाद्यांची कायम माणसं मोजकीच असतात. माहलरची एखादी मोठी रचना लागली की बाहेरून वादक बोलवावे लागतात. हा फोन ज्याला येतो, तो फ्रीलान्सर. (झायलोफोन बसमधून नेता येत नाही, हा त्याचा वेगळाच ताप.) तो नाही म्हणत राहिला, तर फोन यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातो.

म्हणून बरेच जण शाळेत शिकवतात. पैसे ठरलेले असतात, पण मंगळवारची तालीम आणि मंगळवारचा तास एकाच वेळी आला की एकावर पाणी सोडावं लागतं.

खरी मेख सरकारी नियमांत आहे. २०२० मध्ये कोरोनाने सगळे कार्यक्रम बंद पाडले, तेव्हा ब्रिटनने स्वयंरोजगारवाल्यांसाठी मदत योजना आणली. अट अशी, की एकूण उत्पन्नातला निदान निम्मा हिस्सा स्वयंरोजगाराचा हवा. समजा, एखाद्याने वादनातून १२ हजार पौंड कमावले आणि शाळेच्या पगारातून १४ हजार. वादन शून्यावर आलं, तरी या योजनेतून त्याला एक पौंडही नाही. पोटासाठी शिकवणं पत्करलं, तेच आडवं आलं.

शाळेची बाजूही भक्कम नाही. तिथले संगीतशिक्षक बहुधा फक्त सत्र चालू असतानाच काम करतात. त्यांची भरपगारी रजा मोजायची कशी? बेडफर्डमधल्या एका संगीतशिक्षिकेचा हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०२२ मध्ये ती जिंकली. वर्षभर करार असेल तर रजा पूर्ण ५.६ आठवड्यांची, काम कमी आठवडे केलं म्हणून ती कापता येणार नाही, असा निकाल लागला. पण सरकारने नियमच बदलला. १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांत अशा शिक्षकांची रजा पुन्हा केलेल्या तासांच्या १२.०७ टक्के दराने मोजली जाते.