सोसणं म्हणजे बरं असणं नव्हे



एखादा ताप अंगावर काढून कामावर आला की आपण म्हणतो, "गडी सोशिक आहे." सुपरवायझर म्हणून मीही असं कौतुक केलंय. आज ते मागे घेतो.

मी राहतो त्या स्टेट कॉलेजला पेन स्टेट विद्यापीठ आहे. तिथले संशोधक अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांचा मलेरिया झालेल्या उंदरांवरचा अभ्यास २००७ साली 'सायन्स'मध्ये आला. शरीर रोगाला दोन प्रकारे तोंड देतं. एक प्रतिकार, म्हणजे जंतूच कमी ठेवायचे. दुसरी सहनशीलता, म्हणजे जंतू तेवढेच, पण त्यांच्यामुळे वजन आणि रक्त कमी घटतं. उंदरांच्या ज्या वाणांत एक गुण जास्त, त्यांच्यात दुसरा कमी निघाला. थोडक्यात, वरून ठणठणीत दिसणाऱ्याच्या अंगात जंतू जास्त असू शकतात.

२०१५ साली त्यांनीच कोंबड्यांच्या मॅरेक्स रोगावर लिहिलं. जहाल विषाणूने लस न दिलेल्या कोंबड्या झटपट मेल्या. लस दिलेल्या जगल्या, पण विषाणू जास्त दिवस बाहेर टाकत राहिल्या. लस नको असा अर्थ काढू नका, लसीनेच त्यांचा जीव वाचला. मुद्दा एवढाच, की लक्षण नाही म्हणजे आजार नाही, असं होत नाही.

आता आपल्या साइटवर या. काँक्रीट कापताना उडणारी सिलिकाची धूळ म्हणजे जंतू नव्हे, पण फसगत तीच. छाती वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. सिलिकोसिस बहुतेकदा दहा वर्षांनी वा त्याहून उशिरा दिसतो, आणि तो बरा करणारं औषध नाही. "मला धूळ बाधत नाही" म्हणणाऱ्याला खरं तर माहीतच नसतं, आत काय चाललंय.

म्हणून अमेरिकेतल्या भावांनो, हे लक्षात ठेवा. ओशाच्या नियमाने आठ तासांच्या सरासरीत हवेतली सिलिका घनमीटरला ५० मायक्रोग्रॅमच्या वर जाता कामा नये. कटरला पाणी हवंच, नाहीतर धूळ ओढणारं मशीन. या नियमाखाली वर्षात ३० किंवा जास्त दिवस रेस्पिरेटर लावावा लागत असेल, तर छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाची तपासणी मालकाने फुकट करून द्यायची, किमान दर तीन वर्षांनी. सविस्तर रिपोर्ट तुमच्या हातात येतो, मालकाच्या नाही. व्हिसा कुठलाही असो, हा हक्क आहे. नाव गुप्त ठेवून तक्रार करायची तर फोन १-८००-३२१-६७४२. दुसऱ्या देशात असाल तर तिथला नियम आजच विचारा.

मुकादम "कसं काय, बरं ना?" म्हणाला की आपण मान डोलावतो. यापुढे त्याला विचारा, "साहेब, तपासणी कधी?"

सोशिकपणाचा पगार कुणी देत नाही. त्याची किंमत घरचे भरतात.