पोपटाला कुकी द्यायची की नाही?

घरात कुणी माईनक्राफ्ट खेळत असेल, तर असा वाद तुमच्या कानावर आलाच असेल. "पाच हाडं दिली तरी लांडगा माणसाळत नाही, गेम बिघडलाय!" "अरे, सहावं दे, आता होणारच!" मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. पण जरा कान देऊन ऐका. खेळातल्या पाळीव प्राण्यांवरून चाललेली ही भांडणं बऱ्याचदा खऱ्या प्राण्यांपर्यंत येऊन पोहोचतात.

आधी हाडांचा हिशेब. माईनक्राफ्ट हा स्वीडनच्या मोजांग कंपनीचा खेळ, २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यात रानातल्या लांडग्याला हाड दिलं की तो पाळीव कुत्रा होण्याची शक्यता तीनात एक असते. ही शक्यता प्रत्येक हाडाला नव्याने मोजली जाते. ल्युडोत दहा वेळा सहा पडला नाही म्हणून अकराव्यांदा पडेलच असं नसतं, तसंच हे. सलग पाच हाडं वाया जाणं शंभरात साधारण तेरा वेळा घडतं. म्हणजे गेम बिघडलेला नाही आणि सहाव्या हाडाचीही खात्री नाही. पोपटाच्या बाबतीत तर आणखी धीर लागतो, तिथे शक्यता दहात एकच. संभाव्यतेचा धडा शाळेत यायच्या आधीच मुलं तो असा शिकतात.

दुसरा वाद शेपटीचा. कुत्र्याची शेपटी खाली का गेली? तो रुसलाय का? नाही, त्याला लागलंय. शेपटी जितकी खाली, तितकी प्रकृती वाईट. मांस खायला घातलं की शेपटी पुन्हा वर येते. मांजराचं तंत्र वेगळं. रात्री तुम्ही झोपलात की पाळलेलं मांजर पलंगावर येऊन बसतं आणि सकाळी कधी पीस, कधी ससाचं कातडं अशी काहीतरी 'भेट' आणून ठेवतं. ज्यांच्या घरच्या मांजराने कधी उंबऱ्यावर मेलेला उंदीर आणून ठेवलाय, त्यांना हे कुठून आलं ते सांगायला नको.

मग येतात लपलेले संदर्भ. या खेळात लाल डोळ्यांचा एक पांढरा, मारकुटा ससा आहे. तो १९७५ सालच्या 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल' या ब्रिटिश विनोदी चित्रपटातल्या खुनी सशावरून घेतलेला. तो झाला गमतीचा भाग. पण कुठल्याही सशाला नेम टॅग लावून इंग्रजीत 'टोस्ट' असं नाव दिलं, तर त्याचं रूप पालटतं आणि तो काळा-पांढरा होतो. तो जास्त ताकदवान होतो का, वेगाने पळतो का, यावर मुलं तावातावाने बोलतात. यातलं काहीच होत नाही, फक्त रंग बदलतो. खरा टोस्ट हा एका खेळाडूच्या मैत्रिणीचा ससा होता आणि तो हरवला होता. त्याची आठवण म्हणून खेळ बनवणाऱ्यांनी हे रूप ठेवलं. हे कळल्यावर 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न आपोआप मागे पडतो.

सगळ्यात महत्त्वाचा वाद मात्र पोपटाचा. २०१७ साली खेळात पोपट येणार होते. चाचणीच्या आवृत्तीत त्यांना माणसाळवायला कुकी द्यायची होती. या खेळात कुकी बनते गव्हापासून आणि कोकोच्या बियांपासून, म्हणजे त्यात चॉकलेट आलंच. खऱ्या पोपटांना चॉकलेट विषारी असतं. त्यातले थिओब्रोमिन आणि कॅफिन हे घटक पक्ष्यांना सोसत नाहीत. लाखो मुलं हा खेळ खेळतात; उद्या कुणी घरच्या पिंजऱ्यात चॉकलेटचं बिस्किट सरकवलं तर? खेळाडूंनीच हा आक्षेप घेतला. 'खेळ तो खेळ, त्यात काय एवढं' असं म्हणणारेही होतेच. पण मोजांगने आक्षेप मान्य केला. आता पोपट माणसाळतो तो बिया देऊन, आणि कुकी दिली तर मरतो.

हे जरा कठोर वाटेल. इतक्या हौसेने मिळवलेला पोपट एका कुकीने गेला तर लहान मूल रडेल. पण ते पुन्हा कधी विसरणार नाही. नुसती कुकी काढून टाकली असती तर चूक टळली असती, धडा मिळाला नसता.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक पदर आहे. खेळातला पोपट खांद्यावर बसतो, जवळ गाणं लागलं की नाचतो. साहजिकच मूल म्हणतं, "आई, आपणही एक पोपट आणूया ना!" भारतातले देशी पोपट, म्हणजे आपले नेहमीचे हिरवे राघू, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पाळता येत नाहीत. पिंजऱ्यात ठेवणं आणि विकणं हा गुन्हा आहे. त्यामुळे राघू बघायचा तो झाडावरच, पेरू कुरतडताना.

म्हणून पुढच्या वेळी खेळ चालू असताना "बंद कर तो फोन" म्हणण्याआधी पाच मिनिटं शेजारी बसा. तुझा पोपट काय खातो, कुत्र्याची शेपटी खाली का आहे, असं विचारा. उत्तरं भराभर येतील. मग खालच्या गल्लीतल्या कुत्र्याचा विषय काढा आणि त्यालाही चॉकलेट द्यायचं नसतं, हे सांगून टाका. कारण घटक तोच, थिओब्रोमिन. पोपटाची गोष्ट माहीत असलेल्या मुलाला ते दुसऱ्यांदा समजवावं लागणार नाही.