व्हॅनिलाच्या कांड्या घेण्याआधी

या आठवड्यात दोन तरुण शेतकऱ्यांचे फोन आले. प्रश्न एकच, "काका, व्हॅनिला लावू का? मोबाईलवर व्हिडिओ फिरतोय, किलोला हजारो रुपये म्हणतात." माझं स्पष्ट मत आहे, हौस म्हणून लावा, कर्ज काढून लावू नका.

मी स्वतः 2004 साली पोफळीच्या बागेत दोनशे वेल लावले होते. 2000 सालच्या चक्रीवादळात मादागास्करचं पीक गेलं आणि जगभर भाव चढला. केरळ-कर्नाटकात धडाधड लागवडी झाल्या. ते वारं आमच्या कोकणातही आलं. एक माणूस कांड्या घेऊन दारात आला, "शेंगा मीच नेणार" म्हणाला. वेलाला फूल धरायला तीन वर्षं लागतात. आमच्याकडे फूल यायच्या आधीच भाव कोसळला, आणि त्या माणसाचा फोन बंद! पैसे मिळवले ते कांड्या विकणाऱ्यानं. बायकोच्या बांगड्या गहाण होत्या, त्या सोडवायला मला चार वर्षं लागली.

वेल आपल्याकडे होतो, यात वाद नाही. अर्धी सावली, ओलावा आणि चढायला गिरिपुष्पाचा खांब पाहिजे. बुडात पालापाचोळा घालावा, पण पावसाचं पाणी तुंबलं की मुळं कुजलीच. उन्हाळ्यात शिंपण चुकवून चालत नाही.

खरी मेहनत फुलात आहे. हा वेल मूळचा मेक्सिकोचा. तिथे फुलात परागीभवन करणारी माशी आपल्याकडे नाही. म्हणून प्रत्येक फूल हातानं फळवायचं. ही युक्ती 1841 साली रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोरानं शोधली. आजही सगळं जग तेच करतं. आम्ही माडाचा हीर घेतो, फुलातला पडदा उचलतो आणि अंगठ्यानं पराग दाबतो. फूल एकच दिवस उमलतं, दुपारनंतर संपलं. त्या दिवसांत घरात कुणाचं लग्न असो, सकाळी बागेत माणूस हवाच.

मग शेंग पिकायला आठ-नऊ महिने. हिरव्या शेंगेला वास नसतो. ती गरम पाण्यातून काढायची, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, ऊन द्यायचं, पुढे कित्येक आठवडे सावलीत सुकवायची. पाच-सहा किलो ओल्या शेंगांची एक किलो होते. माझा पहिला घाणा बुरशीनं गेला. आणि बाजारातल्या बहुतेक आइस्क्रीमला कारखान्यातला व्हॅनिलीन चालतो, तो फार स्वस्त पडतो.

आता माझ्याकडे पंधरा वेल आहेत. ओळखीच्या दोन बेकरीवाल्यांना शेंगा जातात, तेवढंच. कुणाला हौस असेल तर पावसाळ्यानंतर या, हातभर कांडी फुकट देतो. विकत घेणार असाल तर विक्रेत्याला आधी विचारा, गेल्या वर्षी कोणाच्या शेंगा घेतल्या, पावती दाखव.