नारिंगी सदरा

स्कॉटलंडातल्या सेल्टिक फुटबॉल संघाने २०१२ साली बार्सिलोनाला २-१ असे हरवले, तेव्हा नामांकित गायक रॉड स्ट्युअर्ट प्रेक्षकांत बसून चक्क डोळे पुसत होता. असा भक्त मला आवडतो, बुवा! आपल्याकडे २०१४ साली एफसी पुणे सिटीला हृतिक रोशन भागीदार लाभला. बालेवाडीत माणसे चेंडू पाहत की त्याला, देव जाणे! आम्ही दौंडकर आगगाडीने जायचो. शिरूरला रेल्वेच नाही, म्हणून तिकडचा सोबती एस.टी.ने. २०१९ साली संघ मोडला, लीगमधली जागा हैदराबादकरांनी घेतली. नटाला पुढचा चित्रपट असतो. आमचा शिरूरकर मात्र अजून तोच नारिंगी सदरा घालून आठवड्याच्या बाजाराला जातो.