यात्रा, सहल आणि जवळची वाट : वणीच्या निमित्ताने

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेत अंतर हा एक अघोषित निकष होऊन बसला आहे. जो दूर जातो तो प्रवासी. जो जवळ जातो तो यात्रेकरू, किंवा सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन बाहेर पडलेला संसारी माणूस. पहिल्याच्या लेखनाला वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा लाभते. दुसऱ्याचा अनुभव मात्र माहात्म्याच्या पोथीत, मार्गदर्शक पुस्तिकेत आणि वृत्तपत्राच्या रविवार पुरवणीत विरून जातो. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त (१८८९), गोडसे भटजींचा १९०७ साली प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’, पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) अशी मालिका वर्गात सहसा शिकवली जाते. या कृतींचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु केवळ त्यांच्या आधारे प्रकाराची व्याख्या केली, की बहुसंख्य मराठी माणसे आयुष्यात जो प्रवास प्रत्यक्ष करतात, तो सकाळी निघून रात्री परतण्याचा प्रवास, व्याख्येबाहेर राहतो. देशीयतेची एवढी चर्चा झाल्यानंतरही या उणिवेकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

वणीचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. दिंडोरी तालुक्यातील वणी हे नाशिकपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरचे बाजाराचे गाव. सप्तशृंगीचा गड प्रशासकीयदृष्ट्या शेजारच्या कळवण तालुक्यात असला, तरी लोकांच्या बोलण्यात ती ‘वणीची देवी’च आहे. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ म्हणून ती ओळखली जाते. कड्यात कोरलेली तिची अष्टादशभुजा मूर्ती, समोरच्या दरीपलीकडचा मार्कंडेय डोंगर, आणि मार्कंडेय ऋषींचे सप्तशतीपठण ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली आहे ही लोककथा, या तिन्हींतून एक संपूर्ण भूदृश्य वाचता येते. एका डोंगराने बोलावे आणि दुसऱ्याने ऐकावे, अशी ही रचना आहे. लोकप्रतिभेने येथे निसर्गाचे नुसते वर्णन केलेले नाही. दोन शिखरांमध्ये संवाद घडवला आहे.

या गडावर यात्रा आणि सहल यांची सीमारेषा आखणे अवघड जाते. चैत्रात खानदेशातून पायी येणारे जथे, कोजागरीला नद्यांचे पाणी घेऊन येणारे कावडधारी, त्याच सुमारास जमणारा तृतीयपंथीयांचा मेळा, हे सारे व्रताच्या आणि परंपरेच्या चौकटीतले. पण त्याच वाटेवर नवस फेडायला आलेले कुटुंब दर्शनानंतर शिवालय तलावाकाठी शिदोरी सोडते, शीतकड्यावरून दरी पाहते, बांगड्या आणि खेळणी घेते, आणि संध्याकाळच्या गाडीने परतते. त्या कुटुंबातील स्त्रीला, विशेषतः जिला घराबाहेर पडण्याचे अन्य निमित्त सहसा मिळत नाही तिला, हा दिवस देवाचा आहे की स्वतःचा, असे विचारले तर प्रश्नच गैरलागू ठरेल. पंढरीला माहेर म्हणणाऱ्या ओवीवाङ्मयाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. धर्म आणि विश्रांती, नवस आणि नवलाई यांची फारकत करणारी परिभाषा शासकीय पर्यटनविभागाला सोयीची असेल. साहित्याच्या अभ्यासकाने ती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही.

जवळच्या वाटेला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळाली तर काय घडते, याचा एक दाखला इंग्लंडच्या ग्रामीण भागात सापडतो. तेथील सरोवरांच्या प्रदेशाविषयी विल्यम वर्ड्स्वर्थने लिहिलेली मार्गदर्शिका प्रथम १८१० साली एका चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून आली आणि १८३५ पर्यंत तिच्या पाच आवृत्त्या झाल्या. एका थोर कवीने ‘मार्गदर्शिका’ हा दुय्यम मानला गेलेला प्रकार हाती घेतला. दऱ्यांची रचना, घरांची दगडी बांधणी, झाडांची लावण यांविषयी नेमकेपणाने लिहिले, आणि हा प्रदेश म्हणजे पाहणारा डोळा व रमणारे मन असलेल्या प्रत्येकाची एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता आहे, असा विचार मांडला. पुढे १८९५ मध्ये स्थापन झालेला नॅशनल ट्रस्ट आणि १९५१ मध्ये त्या प्रदेशाला मिळालेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा यांमागे अनेक सामाजिक कारणे होती. पण स्थळाबद्दल बोलण्याची भाषा आधी साहित्याने घडवली होती, हे नाकारता येणार नाही.

मात्र या दाखल्याची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. त्याच वर्ड्स्वर्थने १८४४ मध्ये केंडल ते विंडरमिअर या नियोजित रेल्वेमार्गाला जाहीर विरोध केला. गिरण्यांच्या गावांतून कामगारांचे लोंढे आले तर निसर्गाची शांती भंगेल, आणि निसर्गसौंदर्याची जाण एका दिवसाच्या सहलीत येत नसते, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. सर्वांची मालमत्ता म्हणून गौरवलेल्या प्रदेशाच्या दारात कामकरी वर्ग येताच कवी अस्वस्थ झाला. रेल्वे १८४७ मध्ये सुरू झालीच. पुढे १९३२ साली किंडर स्काउटच्या खाजगी माळरानावर तरुण कामगारांनी सामूहिक प्रवेश करून चालण्याचा हक्क मागितला. स्थळावरचे वाङ्मयीन प्रेम किती सहजपणे स्थळावरचा वर्गीय दावा होऊ शकते, हे या इतिहासातून दिसते.

वणीच्या संदर्भात हा इशारा महत्त्वाचा आहे. नांदुरीपासून वर गेलेल्या घाटरस्त्याने गडाची पहिली चढण वाहनाच्या आवाक्यात आणली. वरच्या सुमारे पाचशे पायऱ्यांना २०१८ मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉलीचा पर्याय आला. पायऱ्या बांधून घेण्याचे श्रेय परंपरा उमाबाई दाभाडे यांना देते. आता काही मिनिटांत भाविक मंदिरापाशी पोहोचतो. या सोयीविरुद्ध हळहळ व्यक्त करणे सुशिक्षितांना सोपे आहे. परंतु ज्या वृद्धेला गुडघ्यांमुळे देवीचे दर्शन बंद झाले होते, तिच्या दृष्टीने ही यंत्रणा म्हणजे कृपाच आहे. पायी चालण्याचा गौरव करताना, चालणे ज्यांची निवड नव्हती तर गरज होती, त्यांच्या सुखाला हीन लेखणारी समीक्षा वर्ड्स्वर्थच्याच चुकीची पुनरावृत्ती करील.

तेव्हा प्रश्न ट्रॉली असावी की नसावी, हा नाही. वाट मागे पडली की वाटेवर निर्माण झालेले वाङ्मय कोण सांभाळणार, हा खरा प्रश्न आहे. जुन्या पाऊलवाटेला ‘रडतोंडी’ म्हणतात. हे नावच एक लघुतम प्रवासवर्णन आहे: चढणाऱ्याचा दम, त्याची विनोदबुद्धी आणि मागाहून येणाऱ्याला दिलेली सूचना त्यात सामावली आहे. चालण्याला लय असते, आणि त्या लयीवर गाणी टिकतात. अहिराणीतील देवीची गीते, मुक्कामावर सांगितल्या जाणाऱ्या कथा, टप्प्याटप्प्याच्या ठिकाणांची नावे ही अनेक दिवसांच्या पायपिटीची संपत्ती आहे. मोटारीत ध्वनिमुद्रित आरती वाजते. तिला वाटेतल्या गावांशी देणेघेणे नसते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून नाशिक परिसरात वाइननिर्मिती वाढली आणि तिच्यासोबत द्राक्षमळ्यांचे पर्यटनही आले. आता मळा आणि गड एकाच दिवसाच्या कार्यक्रमात बसतात. जाहिरातीची भाषा दोहोंना ‘रम्य’ आणि ‘प्रेक्षणीय’ या दोनच विशेषणांत गुंडाळते. साहित्याने जेथे शब्द दिलेले नसतात, तेथे जाहिरात आपले शब्द आणून ठेवते.

मराठीत याचे पूर्वदाखले नाहीत असे नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’ने श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेली स्थाने दिशा, मंदिरे, मठ आणि ओटे यांच्या तपशिलासह नोंदवली. तेथे भक्तीची परिणती उद्गारात होण्याऐवजी अचूकतेत झाली आहे. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’ने (१९६४) वारीच्या वाटेला, तर दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ने (१९७०) नेवाशाच्या खांबाला आधुनिक गद्यात स्थान दिले. गो. नी. दांडेकरांनी दुर्गभ्रमंतीला वाङ्मयरूप दिले. पंढरीच्या वारीला जे लाभले, ते वणीच्या वाटेला त्या प्रमाणात लाभलेले दिसत नाही.

याचे एक कारण संस्थात्मक आहे. पायी येणाऱ्यांची वाट जळगाव-धुळ्याकडे, म्हणजे १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात सुरू होते आणि पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात संपते. एका विभागाला ती सीमेबाहेर जाणारी वाटते, दुसऱ्याला सीमेबाहेरून आलेली. बोलीच्या अभ्यासकाला गाणी हवी असतात, दैवतशास्त्राच्या अभ्यासकाला मूर्ती. वाट कोणालाच नको असते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वँ यांच्या प्रकल्पाने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, त्या घरोघरची जाती थांबत असतानाच. वणीच्या वाटेसाठी अशीच वेळ आज आलेली आहे.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात आता क्षेत्रीय प्रकल्पाला जागा आहे. खानदेश आणि नाशिकमधील महाविद्यालयांनी चैत्रयात्रेचा एकेक टप्पा वाटून घ्यावा. मुक्काम, स्थलनामे, गीते आणि कथा गाणारणींच्या संमतीने व त्यांच्याच बोलीत नोंदवाव्यात. आणि ट्रॉलीने येणाऱ्या कुटुंबाचा दिवसही त्याच गांभीर्याने लिहून ठेवावा. २०२२ मध्ये मूर्तीवरील शेंदराचे जुने लेपन काढल्यावर मूळ कोरीवकाम भाविकांना नव्याने दिसले. मूर्तीच्या बाबतीत जी दक्षता दाखवली गेली, ती वाटेच्या वाट्यालाही यायला हवी. अन्यथा मराठीच्या विद्यार्थ्याला ‘अपूर्वाई’तले इंग्लंड सांगता येईल, आणि आजीने गडाच्या वाटेवर म्हटलेले गाणे मात्र सांगता येणार नाही.