विश्लेषण : तंत्रशिक्षण ही कमी गुणांची शिक्षा का ठरते?

दहावीचा निकाल लागला की बहुतेक घरांत एकच हिशेब मांडला जातो. चांगले गुण असतील तर विज्ञान शाखा, मध्यम असतील तर पदविका आणि काहीच जमले नाही तर आयटीआय. मुलाला यंत्रात गोडी आहे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघे परिसरात आचार्य श्रीमन्नारायण तंत्रनिकेतन आहे आणि २०१७ मध्ये सुरू झालेली बजाज इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही आहे. दोन्ही शिक्षा मंडळाच्या संस्था. तंत्रशिक्षण असे दाराशी असूनही त्याची निवड आवडीने कमी आणि नाइलाजाने जास्त होत असेल, तर दोष विद्यार्थ्यांचा नाही.

वर्ध्याचा या प्रश्नाशी संबंध काय?

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद झाली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने ‘नई तालीम’ची रूपरेषा आखली : सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले. यातला महत्त्वाचा मुद्दा आज विसरला जातो. हा हस्तोद्योग मागे पडलेल्या मुलांसाठी नव्हता, तो सर्वांसाठी होता. सूत कातताना गणित, कापसावरून भूगोल शिकवायचा, अशी ती कल्पना होती.

मग आक्षेप कशाला होता?

आक्षेप रास्त होता. हाताचे काम शाळेत आणताना ते जातीच्या चौकटीत अडकले, तर शिक्षणच बेडी ठरते. मद्रास राज्यात १९५३ मध्ये राजाजींच्या सरकारने अर्धा वेळ शाळा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांचा व्यवसाय अशी योजना आणली. कुळाचा धंदा पुढच्या पिढीच्या माथी मारला जातोय, अशी टीका होऊन ती १९५४ मध्ये गुंडाळावी लागली. सुताराच्या मुलाने सुतारकामच शिकावे आणि डॉक्टरच्या मुलाने पुस्तकच वाचावे, याला तंत्रशिक्षण म्हणता येणार नाही. ‘गरिबांना कौशल्य, श्रीमंतांना पदवी’ ही त्याचीच नवी आवृत्ती आहे.

आज परिस्थिती काय आहे?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येच बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाज दिला आहे. १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहून कमी भारतीय कामगारांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळाले होते. हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट धोरणाने ठेवले. पण सहावी ते आठवीतील दहा दिवसांचा ‘दप्तराविना’ उपक्रम एखाद्या कार्यशाळेच्या सहलीवर आणि छायाचित्रांवर उरकला, तर ती ओळख कागदावरच राहील.

आयटीआय केल्यावर पुढचे दार बंद होते का?

नाही, आणि हेच पालकांपर्यंत पोहोचत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविकाधारकाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी त्याच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. म्हणजे विद्यावेतन घेत काम शिकण्याचा हक्काचा मार्ग आहे. जर्मनीत विद्यार्थी आठवड्याचे बहुतेक दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत घालवतो. आपल्याकडे या दोन्हींची सांगड क्वचितच बसते.

काय व्हायला हवे?

प्रवेश घेताना इमारत पाहू नका, कार्यशाळा पाहा. यंत्रे चालू आहेत का, ती विद्यार्थी स्वतः हाताळतात का, गेल्या वर्षीची मुले शिकाऊ उमेदवार म्हणून कुठे लागली, हे विचारा. संस्थांनीही ही माहिती फलकावर लावावी. देवळी, हिंगणघाट, बुटीबोरीच्या उद्योगांनी तयार मनुष्यबळ नसल्याची तक्रार करण्याआधी शिकाऊ उमेदवारांच्या जागा भराव्यात. आणि शाळांनी आठवड्यातून काही तास तरी हुशार म्हणवणाऱ्या मुलांच्याही हाती पाना-पक्कड द्यावी. ज्या वर्ध्यातून हा विचार देशभर गेला, तिथल्या शाळांनी तरी आधी दुसऱ्याची वाट पाहू नये.