भस्मासुराला वर कोणी दिला?

सीताबर्डीच्या पदपथावर जुन्या-नव्या पुस्तकांच्या ज्या पथाऱ्या मांडलेल्या असतात, त्यांत स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके आणि यशाचे उपाय सांगणारी पुस्तके यांच्या जोडीला अडॉल्फ हिटलरचे आत्मचरित्र हमखास आढळते. घेणारा बहुधा विशीतला विद्यार्थी असतो आणि नाझीवादाशी त्याला काही देणेघेणे असतेच असे नाही. व्हिएन्नाच्या कला अकादमीने दोनदा नाकारलेला एक मुलगा केवळ इच्छाशक्तीच्या बळावर एका राष्ट्राचा स्वामी झाला, ही कथा त्याला हवी असते. सुशिक्षित मराठी घरांत हीच जिज्ञासा वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथाने अर्धशतकाहून अधिक काळ भागवली आहे. तेथे निदान नावातच उदयासोबत अस्तही आहे.

विदर्भात या आकर्षणाला जुना इतिहास आहे. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे हे पहिल्या गोलमेज परिषदेनंतर, मार्च १९३१ मध्ये रोमला मुसोलिनीला भेटले, तेथील युवकांच्या लष्करी शिक्षणाने प्रभावित झाले आणि पुढे १९३७ साली त्यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली. ब्रिटिशांचा शत्रू तो आपला मित्र, हे गणित त्या काळी अनेकांना पटण्याजोगे होते. उलट २३ जुलै १९३९ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून हिटलरलाच पत्र लिहिले आणि युद्ध टाळण्याची विनंती केली. सरकारने ते पत्र पुढे जाऊच दिले नाही. कौतुक असो वा विनवणी, दोहोंची दृष्टी एका माणसावर खिळलेली होती. छळछावण्यांचे पूर्ण चित्र तेव्हा कोणापुढेच नव्हते. आजच्या वाचकाला ती सबब उरलेली नाही.

पुराणकथेत भस्मासुराइतकेच महत्त्वाचे पात्र आहे ते वर देणाऱ्याचे. अॅलन बुलक (१९५२), योआखिम फेस्ट (१९७३) आणि इयन कर्शॉ (१९९८ व २०००) यांची चरित्रे या दृष्टीने वाचली तर निराळाच इतिहास दिसू लागतो. १९२३ च्या चलनफुगवट्याने हिटलरला सत्तेवर आणले, असे आपल्याकडे वर्गावर्गांतून सांगितले जाते. एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते हे खरे. पण त्यानंतर पाच वर्षांनी, मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते पडली. पक्ष फोफावला तो मंदीत. चॅन्सेलर ब्रुनिंग यांनी १९३० ते १९३२ या काळात अध्यक्षीय वटहुकुमांच्या आधारे सरकारी खर्च आणि नोकरांचे पगार कापले. बेकारांची संख्या साठ लाखांवर गेली. जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७ टक्के मते मिळाली. लाट येथे ओसरू लागली. नोव्हेंबरमध्ये हा आकडा ३३ वर आला, वीस लाख मतदार दुरावले. उतरणीला लागलेल्या या पुढाऱ्याला ३० जानेवारी १९३३ रोजी चॅन्सेलरपद दिले ते पापेन आणि राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या वर्तुळाने. मंत्रिमंडळात नाझी तिघेच, तेव्हा त्याला लगाम घालणे सोपे, असा त्या चतुर मंडळींचा हिशेब होता.

पुढचा वर संसदेने दिला. २३ मार्च १९३३ रोजी, कम्युनिस्ट सभासद तुरुंगात वा परागंदा असताना, कायदे करण्याचा अधिकार सरकारला बहाल करणारे विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाले. विरोधी मते केवळ सोशल डेमोक्रॅटांची होती. सभागृहात बंदूकधारी स्वयंसेवक उभे असताना ओटो वेल्स यांनी विरोधाचे भाषण केले. आपल्याकडे हिटलरची भाषणे पाठ असणारे भेटतात, वेल्स यांचे नाव ठाऊक असलेला क्वचितच.

“पण त्याने बेकारी तर संपवली”, हे प्रशंसकांचे शेवटचे अस्त्र. त्याचीही झडती घेतली पाहिजे. ज्या महामार्गांचा एवढा गवगवा होतो, त्यांतील कलोन ते बॉन हा रस्ता ऑगस्ट १९३२ मध्येच, कलोनचे महापौर आडेनाउअर यांच्या हस्ते खुला झाला होता. आणि ऐन भरातही महामार्गांच्या कामावर सव्वा लाखांच्या आसपासच मजूर होते. खरे काम निघाले ते शस्त्रास्त्रांचे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेसारख्या तेथील मध्यवर्ती बँकेचे प्रमुख शाख्त यांनी एक नामधारी कंपनी उभी केली. कारखानदारांनी तिच्या नावे हुंड्या काढाव्यात आणि मध्यवर्ती बँकेने त्या वटवण्याची हमी द्यावी, म्हणजे अंदाजपत्रकात काहीच दिसू नये. अशा सुमारे १२ अब्ज मार्कांच्या हुंड्या निघाल्या. कामगार संघटना २ मे १९३३ रोजीच ताब्यात घेतल्या गेल्यामुळे मजुरीवाढ मागणारे कोणी उरले नव्हते. हुंड्या फेडण्याची वेळ आली तेव्हा शाख्त यांनी कुरकुर केली आणि जानेवारी १९३९ मध्ये त्यांना घरी पाठवण्यात आले. परतफेडीची तरतूद शेजारच्या देशांच्या तिजोरीत शोधली गेली. या पोकळ भरभराटीला अर्थशास्त्राचा चमत्कार म्हणणे म्हणजे दरोड्याच्या आशेवर काढलेल्या कर्जाला उत्पन्न म्हणण्यासारखे आहे.

या चरित्रांतील सर्वांत अस्वस्थ करणारी पाने मात्र युद्धाची नाहीत. ती कचेऱ्यांची आणि शाळांची आहेत. ७ एप्रिल १९३३ च्या कायद्याने यहुदी आणि राजकीयदृष्ट्या नकोसे नोकर सरकारी सेवेतून काढले गेले. प्राध्यापक आणि शिक्षकही सरकारी नोकरच होते. प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांची माहिती द्यायची. त्यांपैकी एक यहुदी निघाला तरी पुरे. हे तक्ते कोणीतरी छापले, जन्मनोंदींच्या नकला कोणीतरी काढून दिल्या. एमिल लेडरर यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाला बर्लिन विद्यापीठ सोडून न्यूयॉर्क गाठावे लागले आणि असल्या शेकडो रिकाम्या जागा सहकाऱ्यांनी फारशी खळखळ न करता भरल्या. १० मे १९३३ रोजी बर्लिनच्या चौकात हजारो पुस्तके जाळली गेली, त्यात पुढाकार विद्यार्थी संघटनेचा होता. विलिकेन्स नावाच्या शेती खात्यातील एका अधिकाऱ्याने १९३४ मध्ये सांगून टाकले की, वरून हुकूम येण्याची वाट पाहू नये, नेत्याला काय हवे असेल ते ओळखून प्रत्येकाने कामाला लागावे. कर्शॉ यांनी आपल्या दोन खंडांचे मध्यवर्ती सूत्र या मामुली भाषणातून उचलले आहे. साहेबाची मर्जी ओळखून टिपणी लिहिण्याची कला आपल्या कचेऱ्यांना अपरिचित आहे, असे कोण म्हणेल?

थोर कोणाला म्हणावे, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, रानडे यांच्या जयंतीनिमित्तच्या भाषणात घेतला होता. स्टालिनग्राडला वेढली गेलेली जर्मन सेना त्या आठवड्यात शेवटच्या घटका मोजत होती. निष्ठा आणि बुद्धी या दोहोंमुळे माणूस नामवंत होतो, थोर होत नाही. त्यासाठी समाजहिताची प्रेरणा लागते, असा भेद त्यांनी केला. विभूतिपूजेवर त्याच भाषणात त्यांनी कडाडून टीका केली. सीताबर्डीच्या पथारीसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला कर्शॉ यांच्या खंडांआधी हे भाषण मिळाले तर फार बरे होईल. ते आकाराने लहान आहे आणि मराठीतही उपलब्ध आहे.

त्याने हिटलरचे पुस्तक घेऊच नये, असा याचा अर्थ नव्हे. बंदीने कुतूहल वाढते. जर्मनीत स्वामित्वहक्काची मुदत संपल्यावर, जानेवारी २०१६ मध्ये, म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने हेच पुस्तक सुमारे साडेतीन हजार टिपांसह प्रसिद्ध केले: येथे तो खोटे बोलतो, हे त्याने अमक्याकडून उचलले, या वाक्याचा पुढे असा परिणाम झाला. पदपथावर मिळणाऱ्या प्रतीत एकही टीप नसते.